तुरमा म्हणजे नक्की काय

दुभाषीबाईंचा सगळा घोटाळा एका कागदापासून सुरू झाला. वाचनालयाच्या दारावर तो चिकटवलेला होता: 'आठ शनिवारांत स्वतःचा छोटा इंटरप्रिटर लिहा. आधीची माहिती नसली तरी चालेल. वरचा मजला, दुपारी तीन.' बाई पुस्तक परत करायला आल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पुस्तक हातात तसंच धरून तिसऱ्यांदाही वाचला. कारण इस्पितळात त्यांच्या छातीवर जो बिल्ला असायचा, त्यावर नेमका हाच शब्द होता: इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी.

एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. डोंगरापलीकडून रोज दोन बसगाड्या भरून माणसं इस्पितळात यायची. त्यांना इकडची भाषा येत नसे आणि डॉक्टरांना तिकडची. बाईंची आई तिकडची. लग्न होऊन ती इकडे आली आणि लेकीला मांडीवर घेऊन आपल्याच भाषेत बोलत राहिली. ती गेली, भाषा मागे राहिली, आणि पुढे तिच्यावरच बाईंचं घर चाललं. रोगी एक वाक्य बोलायचा, बाई ते डॉक्टरांना सांगायच्या. डॉक्टर एक वाक्य बोलायचे, बाई ते रोग्याला सांगायच्या. मधे अडखळणं नाही, ततपप नाही. नव्या डॉक्टरांना तर पाचव्या मिनिटाला बाई खोलीत आहेत याचाच विसर पडे, आणि यात बाईंना मोठा अभिमान होता.

आता आठ शनिवारांत कुणीही सोम्यागोम्या आपल्यासारखा माणूस लिहून काढणार म्हटल्यावर त्यांना घास गोड लागेना.

"जाऊन तर बघ," त्यांचा नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि कुठलीही अडचण उजेडाला धरून बघितली की निम्मी होते असं त्याचं मत होतं. "काय शिजतंय ते तरी कळेल."

"कुठे जायचंय तिला?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि डाव्याने सोयीपुरतं.

"इंटरप्रिटर लिहायला!"

"लिहू दे की. पत्रं लिहायची सवयच गेली हल्ली सगळ्यांची."

शनिवारी बाई गेल्या. वरच्या मजल्यावर सातजण आणि सहा कॉम्प्युटर. शिकवणारे गृहस्थ साठीचे, उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात खडू. त्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. लिफ्टच्या पेटीतल्या आज्ञा वाचता वाचता प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि निवृत्तीनंतर दुसऱ्यांना शिकवायला लागले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'दाखव २ + ३', आणि त्या एवढ्याशा ओळीवर पाऊण तास बोलले. बाई वहीत सगळं टिपत होत्या आणि दुसऱ्या भाषेची वाट पाहत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला.

"मास्तर, यात दुसरी भाषा कधी येणार?"

"दुसरी कुठली?"

"ज्या भाषेत हे सांगायचं, ती."

"कुणाला सांगायचं?" मास्तर गोंधळले. "बाई, सांगायचं कुणालाच नाही. वाचायचं आणि करायचं. एक ओळ वाचली, ती पाळली. मग पुढची. लिफ्टला चौथा मजला म्हटलं की ती 'चौथा मजला' असं दुसऱ्या भाषेत बोलून दाखवत नाही, चौथ्यावर जाते."

"मग याला इंटरप्रिटर का म्हणतात?"

मास्तरांनी खडूने कान खाजवला. "खरं सांगू? कल्पना नाही. मला कुणी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही."

बाईंनी त्याच क्षणी वही मिटून घरी जायला हवं होतं. आपल्या नोकरीचा आणि या प्रकाराचा काडीचा संबंध नाही, एवढं कळलं होतंच. पण नाव नोंदवून झालेलं, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि शिकवणारा माणूस सात जणांसमोर 'कल्पना नाही' इतकं सहज म्हणतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या बसून राहिल्या.

मास्तरांची अट अशी की ज्याची त्याची एक इवलीशी भाषा असली पाहिजे, दहा शब्दांच्या आतली. ती भाषा वाचून पाळणारा प्रोग्रॅम ज्याचा त्याने लिहायचा. बाईंनी सात शब्द ठरवले: ठेव, दाखव, जर, नाहीतर, जोवर, संपलं, आणि डबा. डब्यात आकडा ठेवायचा. 'ठेव डबा ५' म्हटलं की डब्यात पाच. 'दाखव डबा' म्हटलं की पडद्यावर पाच. ऐकायला बाळबोध, पण त्या दोन ओळी चालेपर्यंत बाईंच्या नाकी नऊ आले. आधी ओळीचे तुकडे पाडायचे, शब्द वेगळे, आकडे वेगळे. मग त्या तुकड्यांचं म्हणे झाड करायचं. मग झाडाच्या फांदीफांदीवर जाऊन तिथे लिहिलंय ते करायचं. तुकड्यांपर्यंत बाईंना समजलं, झाड मात्र साफ डोक्यावरून गेलं.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून झाड काढत. सासूबाई समोर बसून बघत.

"वंशावळ काढतेस का गं? आमच्या घरातली असेल तर तुझ्या थोरल्या चुलतसासऱ्यांना वगळ. त्यांनी काही उजेड पाडलेला नाही."

"झाड आहे हे, आई. हे वर मूळ, या खाली फांद्या."

सासूबाईंनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "मूळ वर? मग पाणी कुठून घालायचं?"

खरं तर बाईंनाही मास्तरांना हेच विचारायचं होतं.

तिसऱ्या शनिवारी बाईंच्या प्रोग्रॅमने 'दाखव २ + ३ * ४' ला वीस उत्तर दिलं. मास्तर म्हणाले चौदा पाहिजे, गुणाकार आधी. बाई म्हणाल्या, माणूस बोलतो त्या क्रमाने ऐकायचं असतं. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. यावर दोघांची चांगली जुंपली. शेवटी मास्तर म्हणाले, "भाषा तुमची आहे. वीस तर वीस. पण काय ठरवलंत ते लिहून ठेवा, नाहीतर उद्या तुम्हीच फसाल." बाईंनी रागारागाने चौदा करून टाकलं आणि मग घरी जाताना वाटभर विचार करत राहिल्या की आपण हरलो की जिंकलो.

चौथ्या आठवड्यात 'जोवर' चालू झालं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बाईंनी लिहिलं, जोवर डबा शून्याहून मोठा तोवर दाखव डबा. आणि डब्यातून एक काढून टाकायचं विसरल्या. पडद्यावर पाच, पाच, पाच, पाच असा नुसता पूर आला. सासूबाई घाबरून उठल्या. "अगं थांबव त्याला, दम लागेल!" बाईंना थांबवता येईना, तेव्हा नवऱ्याने आंघोळ अर्धी टाकून येऊन वायर उपटली आणि साबणाच्या फेसासकट विचारलं, "हे असंच असतं का रोज?"

पण खरी गोष्ट घडली पाचव्या शनिवारी. मास्तर प्रत्येकाच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चुकीचं काहीतरी टाकून पाहत होते. बाईंच्या इथे येऊन त्यांनी लिहिलं:

ठेव डबा ५
फिस्कट डबा ३
दाखव डबा

बाईंच्या प्रोग्रॅमने निमूटपणे पाच दाखवले.

"फिस्कटचं काय केलं यानं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. ओळखीचा शब्द नसला तर सोडून पुढे जायचं असं मी लिहिलंय."

"का?"

"का म्हणजे? एका शब्दासाठी सगळं अडवायचं का? मागचं पुढचं बघून काम भागतं की."

मास्तर खुर्ची ओढून बसले. नेहमी उभे राहून बोलणारा माणूस बसला म्हणून बाकीचेही बघायला लागले. "बाई, फिस्कट म्हणजे कदाचित डब्यातून तीन वजा करायचे असतील. मग बरोबर उत्तर दोन. तुमचा हा गडी छाती पुढे काढून पाच सांगतो. पुढच्याला कळणारसुद्धा नाही की मधे काही गिळलंय. न कळलेलं गिळायचं नाही. थांबायचं, आणि कितव्या ओळीत कुठला शब्द कळला नाही ते सांगायचं. बंद पडलेली लिफ्ट परवडते हो. चुकीच्या मजल्यावर दार उघडणारी नाही परवडत."

बाईंची कानशिलं तापली. मास्तर प्रोग्रॅमबद्दल बोलत होते, दुसरं काही त्यांच्या मनातही नव्हतं. पण बाईंना भर वर्गात कुणीतरी आपलं कपाट उघडल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांत त्यांना न कळलेले शब्द थोडेथोडके नव्हते. डोंगरापलीकडे दर खोऱ्याची बोली निराळी, आणि बाईंना आली ती एकट्या आईची. असा शब्द आला की त्या मागचं पुढचं बघून अंदाजाने भरून काढत. इतक्या सफाईने, की स्वतःच्याही लक्षात येत नसे.

त्यांनी प्रोग्रॅम बदलला. आता तो थांबून सांगायला लागला: 'ओळ दोन. फिस्कट हा शब्द मला माहीत नाही.'

मंगळवारी सकाळी पोटाच्या डॉक्टरांकडे एक म्हातारे गृहस्थ आले. गिरणीवाले. डोंगरातल्या कुठल्याशा गावी पिठाची गिरणी चालवायचे. भुवया अजून पीठ असावं अशा पांढऱ्या. आठ दिवसांपासून पोटात काहीतरी होतंय म्हणाले. काय होतंय, तर "तुरमा".

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचं तोंड उघडलंच होतं. जळजळ, हा शब्द जिभेवर तयार होता. पोटाचं दुखणं, म्हातारा माणूस, जेवल्यावर वाढत असणार, जळजळच. आणि ऐन वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे तो निमूट पाच आला.

"मला हा शब्द कळला नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे तुरमा म्हणजे काय ते मला माहीत नाही."

"बाहेर तीस माणसं आहेत, बाई. अंदाजाने सांगा."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजाने दचकल्या. मग गिरणीवाल्यांकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "काका, तुरमा म्हणजे नक्की काय?"

गिरणीवाल्यांनी आधी डॉक्टरांकडे, मग बाईंकडे कीव करून पाहिलं. "तुरमा म्हणजे तुरमा. तुला पोट नाही का?"

"आहे हो. पण मला होत नाही तुरमा. कसा होतो?"

म्हातारे वैतागले. त्यांनी टेबलावर बोटं टेकली आणि वाजवायला लागले. ठक, ठक, ठक, ठक. एकसारखं. मग तीच बोटं बेंबीच्या वर नेऊन ठेवली. "गिरणीचा पट्टा फिरतो तसं. आतून. निजलं की जास्त."

बाईंनी जसंच्या तसं सांगितलं, टेबलावरच्या ठोक्यांसकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्यांना आडवं केलं, पोटावर तळवा ठेवला. मग फोन उचलला. दुपारपर्यंत कळलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, फुग्यासारखी. लगेच शस्त्रक्रिया करायला हवी. जळजळीच्या गोळ्या घेऊन म्हातारे परत बसमध्ये बसले असते तर ती रक्तवाहिनी वाटेतच फुटली असती.

संध्याकाळी डॉक्टर जिन्यात भेटले. "तुम्हाला कळलं नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं," ते म्हणाले. कौतुकाने म्हणाले, पण बाईंना ते ऐकवेना. कारण हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा आलेला नव्हता.

दोनेक वर्षांपूर्वी एक शिंपीण आली होती. तीही तुरमा म्हणाली होती, आणि बाईंनी एका दमात "जळजळ" म्हणून टाकलं होतं. गोळ्या दिल्या. ती पुन्हा काही आली नाही. आता परत न येण्याचे अर्थ दोन होतात, आणि त्यातला कुठला, हे कळल्याशिवाय बाईंना राहवेना. नोंदींच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, पत्ता देता येत नाही, नियम आहे. नियम बाईंनाही पाठ होता. पण बसच्या शेवटच्या थांब्यामागे आपलं दुकान आहे, असं ती शिंपीण चोळीचं माप घेतल्यासारखी आपल्याकडे बघत बोलली होती, एवढं त्यांना आठवत होतं.

तीन दिवस त्या घरात धड बोलल्या नाहीत. कुणी काही म्हटलं की "म्हणजे नक्की काय?" असं विचारत. नवरा म्हणाला, "मीठ कमी आहे म्हणजे मीठ कमी आहे!" आणि मग त्यांचा चेहरा पाहून त्याने हळूच ताट सरकवलं आणि काय झालं ते सगळं काढून घेतलं. शुक्रवारी त्याने दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि दोघं बसने शेवटच्या थांब्यावर गेली.

दुकान होतं. शिलाई मशीन होतं. आणि मशीनवर तीच शिंपीण, तोंडात टाचण्या धरून, दोन वर्षांपूर्वीपेक्षा अंगाने भरलेली. तिला पाहून बाईंना रडूच कोसळलं. शिंपिणीला वाटलं, कपडा बिघडल्याची तक्रार घेऊन कुणी आलंय. तिने टाचण्या काढून दोघांना बसवलं.

"तुझ्या पोटात तुरमा व्हायचा," बाई म्हणाल्या. "काय झालं त्याचं?"

"गेला की. त्या गोळ्यांनी महिन्याभरात गेला. तिखट कमी केलं."

"पण तुरमा म्हणजे... ठक ठक व्हायचं का आत? पट्टा फिरल्यासारखं?"

"छे! पट्टा कसला?" शिंपीण हसली. "तुरमा म्हणजे आग होणं. छातीपर्यंत. आमच्याकडे तान्ह्या पोरालासुद्धा माहीत असतं. ठक ठक म्हणणारी ती वरच्या खोऱ्यातली माणसं. त्यांचं बोलणंच उलटं."

परतीच्या बसमध्ये नवरा मोकळं हसला. "सुटलीस! तुझं बरोबरच होतं तेव्हा."

"बरोबर नव्हतं," बाई म्हणाल्या.

"अगं, ती म्हणाली ना जळजळ?"

"मला कुठे माहीत होतं? मी ठोकून दिलं आणि ते लागलं. ते बरोबर असतं का?"

नवऱ्याने काच उजेडाला धरावी तसा तो प्रश्न मनात फिरवून पाहिला. बाईंना तर हसावं की रडावं कळेना. न थांबता सांगितलं ती शिंपीण बरी झाली. थांबले म्हणून तो माणूस वाचला. थांबायचं, एवढं ठरलं तर प्रत्येक शब्दावर थांबावं लागेल, कारण जो शब्द आपल्याला पक्का माहीत आहे असं वाटतं तोच पुढच्या खोऱ्यात भलता निघायचा. ताप म्हणजे तापच कशावरून? डोकं म्हणजे डोकंच कशावरून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे मास्तरांना विचारलं. "मास्तर, शब्द एकच आणि अर्थ दोन, असं झालं तर?"

"एक ठरवून टाका. भाषा तुमची आहे."

"आणि भाषा माझी नसली तर?"

मास्तर फळ्याकडे वळले, काहीतरी लिहायला लागले, पुसलं, पुन्हा लिहिलं. "शब्द कुठल्या घरात आलाय ते बघून अर्थ लावता येतो," ते म्हणाले. "त्याची रीत आहे, पुढच्या वेळी शिकवतो. पण घर कुठलं ते आधी माहीत पाहिजे."

"आणि ते माहीत नसलं तर?"

"विचारावं लागेल."

"प्रत्येक वेळी?"

मास्तरांनी खडू खिशात ठेवला. वर्गातला कुणीतरी खुर्ची वाजवत होता. "बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही हे तुमच्या सात शब्दांच्या भाषेबद्दल विचारताय ना?"

"आता तेही मला नक्की सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

आठवा शनिवार आला तेव्हा बाईंचा प्रोग्रॅम चालत होता. झाडाचं मूळ वरच राहिलं, पण त्यावरून चढ-उतर करता यायला लागली होती. इस्पितळात मात्र बाईंची गत नव्या नवरीसारखी झाली. अडखळायच्या, परत विचारायच्या. रोग्यांची रांग लांबायची. एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, बाईंचं वय झालं वाटतं. पोटाचे डॉक्टर मात्र आता बाई थांबल्या की पेन खाली ठेवत. पण त्यांच्याही कपाळाला आठी पडे, नाही असं नाही. रोज संध्याकाळी बाई एका वहीत लिहीत: शब्द, कुणी म्हटला, कुठल्या खोऱ्यातला. पहिल्याच पानावर तुरमा दोनदा होता.

शस्त्रक्रियेनंतर गिरणीवाले तिसऱ्या मजल्यावर होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांना भेटायला गेल्या. म्हातारे उशीला टेकून, सगळ्या जगावर रुसून बसले होते. आभारबिभार काही नाही. बाईंना पाहताच म्हणाले, "आलीस? सांग या पोरींना, मला रात्रीपासून हुरंद लागलाय आणि या मला सुया टोचतायत."

बाईंच्या आईच्या भाषेत हुरंद म्हणजे घरची ओढ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या त्यांचा हात धरायला पुढे झाल्या. मग मधेच थांबल्या, आणि त्यांनी वही काढली.

"कुठे लागलाय, काका?"

"कुठे म्हणजे? टाचेला!"

शेजारच्या खाटेवरचा माणूस आणि परिचारिका दोघंही बघायला लागली. बाईंनी स्टूल ओढलं. गिरणीवाल्यांनी पांघरुणातून पाय बाहेर काढला, एक मोठा सुस्कारा टाकला आणि हुरंद म्हणजे काय हे सांगायला अगदी मुळापासून सुरुवात केली, तीस वर्षांपूर्वी त्यांच्या भावाचं खेचर ओढ्यात पडलं होतं तिथून.